जमीरचा सौदा

हुस्नाबीच्या जिभेला आर्णीच्या बाजारात तोड नव्हती. बांगड्या भरता भरता ती समोरच्या बाईचं माहेर, सासर आणि सासूची खोड एवढं सगळं काढून घ्यायची, आणि बाई उठायच्या आत आणखी डझनभर बांगड्या तिच्या गळ्यात मारायची. तिच्या मुलाला, जमीरला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वरच्याने दोघांच्या वाटणीचं बोलणं एकटीच्या तोंडात घातलं, असं लोक म्हणायचे, आणि ते तिला आवडायचंही. दवाखान्यात, शाळेत, शिंप्याकडे, कुणी काही विचारलं की पोराच्या आधी तिचं उत्तर तयार असायचं.

या जमीरने आपल्यासारखीच तीन पोरं जमवून नाटकमंडळी काढली होती. सगळं हातांनी आणि चेहऱ्याने. नागपूरला अशा मंडळींची स्पर्धा होती आणि यांना बोलावणं आलं होतं. जीप, कपडे, राहणं, सगळ्याला पैसा लागत होता. जमीरने आईला खुणेने स्वच्छ सांगून टाकलं होतं की एवढं जमलं नाही तर मंडळी बंद, मी हैदराबादला जलालमामूच्या गॅरेजात जातो. हैदराबादला गेलेली पोरं ईदपुरती उगवतात, हे हुस्नाबीला ठाऊक होतं. ती पदर खोचून पैसे मागायला निघाली.

वर्ष मोठं वाईट होतं. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे कुणाच्याच हाताला मोकळेपणा नव्हता. जिनिंगवाल्या शेठने चहा पाजून वाटेला लावलं. जिल्ह्याच्या कचेरीत अपंगांचं टेबल म्हणालं, नाटक म्हणजे कला, तुम्ही पलीकडे जा. पलीकडचं टेबल म्हणालं, पोरांना ऐकू येत नाही ना, मग अलीकडेच जा. एका दानशूर संस्थेने मात्र लगेच होकार दिला. फोटो काढून चौघांना तीनचाकी सायकली द्यायला ती तयार होती.

"पोरायचे पाय धडधाकट हायेत, भाऊ," हुस्नाबी म्हणाली.

"यंदा सायकलीच आल्यात," संस्थेचे गृहस्थ म्हणाले.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हुस्नाबीने त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राहता राहिला बबनराव. बैलबाजाराचा ठेका त्याच्याकडे होता. बाजाराच्या दिवशी ती चारही पोरांना घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने आपला ठेवणीतला रडका सूर लावला. बिचारी लेकरं, मुके जीव, देव तुमचं भलं करो. जमीरला शब्द कळत नव्हते, पण आईचा तो चेहरा त्याला पाठ होता. त्याची मान खाली गेली.

"भाभी, मुक्यायचं नाटक कोन पाहीन?" बबनराव म्हणाला. "अथी बोलनाऱ्यायचंच कोनी आयकत नाही. बाजारात मानूस थांबून नाही राह्यला." आणि त्याने पन्नासची नोट पुढे केली.

हुस्नाबीचा हात गेलाच होता. जमीरने तिचं मनगट धरलं, नोट बबनरावच्या खिशात परत सारली आणि सोबत्यांना खूण केली. चौघं जवळच्या रिकाम्या बैलबंडीवर चढले.

मंडळीतला कपिल बैल झाला. गझाला मुंडासं बांधून बैल विकणारा झाली, चौथा पोरगा घेणारा. जमीर झाला दलाल. त्याने बैलाचे दात पाहिले, शेपूट ओढली, नाक मुरडलं. लोक वळून पाहू लागले.

आता बैलाचा भाव काही तोंडाने ठरत नसतो. दलाल रुमालाखाली हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो, विकणाऱ्याला एक, घेणाऱ्याला दुसरा. मधलं लोणी दलालाचं. हे सगळ्या बाजाराला माहीत असतं आणि कुणी बोलत नसतं. जमीरने रुमाल काढला, झटकला आणि हातांवर टाकायचा तो बैलाच्या डोळ्यांवर टाकला. मग उघड्या हातांनी सौदा केला. गझालाला तीन बोटं, घेणाऱ्याला पाच. बैलाने हळूच रुमाल वर करून दोन्हीकडे पाहिलं, आपल्या पुढच्या खुरावर हिशोब केला आणि दलालालाच शिंगावर घेतलं.

बाजार हसून हसून आडवा झाला. चहावाला गाडा सोडून आला. एक खरा दलाल मात्र लालबुंद होऊन बंडीवर चढला आणि त्याने जमीरची कॉलर धरली. "आमच्या पोटावर पाय देतं काय बे?"

गर्दी फाडत बबनराव येताना दिसला आणि हुस्नाबी बंडीकडे धावली. पैसे तर गेलेच, आता मार खाऊन पोरगं उद्याच्या एस.टी.ने हैदराबाद गाठणार.

"भाऊ, माफ करा, नादान हाये, त्याले समजत नाही..."

बबनरावने तिच्याकडे पाहिलंही नाही. दलालाचा हात त्याने बाजूला केला, आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि जमीरच्या हातावर टाकून आत हात घातला.

बाजार माना उंचावून पाहू लागला. दुपट्टा हलत होता. जमीरने मान नकारार्थी हलवली. बबनरावच्या भुवया वर गेल्या. पुन्हा बोटं चालली, पुन्हा नकार.

"जे देता ते द्या, भाऊ," हुस्नाबीला राहवेना. "तो काहीबी मांगते..."

"मधात नका बोलू, भाभी. सौदा चालू हाये."

आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली. बसवेना, तरी बसली. पोराचा चेहरा ती बघत राहिली. त्यावर विनवणी नव्हती, हट्ट होता. हा मोठा कधी झाला, ते तिला कळलंच नव्हतं.

शेवटी दुपट्टा निघाला. बबनरावने जमीरचा हात दोन्ही हातांनी हलवला आणि हसत म्हणाला, "लय पक्कं पोरगं हाये. नागपूरची जीप, कपडे, राहनं, सारं माह्याकडे. अन् मंग दर बाजाराले खेळ अथीच, पैसे घेऊन. आज पाह्यलं ना, कसा खिळला बाजार?"

हुस्नाबी तिथेच बंडीच्या जुवावर टेकली आणि पदराने डोळे पुसू लागली. हैदराबाद टळलं होतं. भीक न मागता टळलं होतं, आणि तिच्याशिवाय टळलं होतं, याचंही तिला थोडं हसू येत होतं.

"एका खेळाचे किती ठरले, भाऊ?" तिने विचारलं.

बबनराव दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाला, "त्याले इचारा."