मागचा सेल

धाकट्याचे वय बासष्ट झाले होते आणि थोरल्यास जाऊन एकतीस वर्षे लोटली होती. तरीही सर्वजण त्यास धाकटा म्हणूनच हाक मारीत. जुन्या विजेऱ्या दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. जुन्या वस्तू जमवण्याचा नाद असलेले शौकीन लोक दूरवरून त्याच्याकडे पितळी विजेऱ्या घेऊन येत. आत सेल फुटलेले असत, क्षार माजलेला असे, स्प्रिंगा कुजून गेलेल्या असत. धाकटा त्यांना पुन्हा प्रकाशमान करी. केवळ स्वतःच्या घरातील एका विजेरीस त्याने इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. तीच विजेरी एका सकाळी वहिनींनी त्याच्या दुकानात टेबलावर आणून ठेवली.

"जावयानं ट्रंकेत बघितली," वहिनी म्हणाल्या. "तेव्हापासून डोकं खातोय. म्हणतो, अशी बॅटरी कुणाकडेच नाही. काकांकडून साफ करून आणा, मी कपाटात मांडतो."

"जावईबापूंकडे साठ बॅटऱ्या आहेत. एकसष्टावी नसली तर काय अंधार पडणार आहे?"

"मीही तेच म्हणाले. तर म्हणतो, सासूबाई, तुम्हाला यातलं कळत नाही." वहिनी हसल्या, परंतु खुर्चीवर अधिकच घट्ट बसल्या. "करा तुम्ही. मी इथंच थांबते."

"दिवस जाईल, वहिनी."

"जाऊ दे. घरी कोण वाट बघतंय माझी?"

 धाकट्याने चष्मा पुसला आणि विजेरी उचलली. दोन सेलांची, अंगावर उभ्या खाचा असलेली ती विजेरी हाताला बर्फासारखी गार लागली. बटण पुढे सरकलेले होते व तिथेच घट्ट अडकले होते. मागे ढकलावे तर जणू पलीकडून कोणीतरी अंगठा दाबून धरला आहे, असे वाटे. हा क्षाराचा प्रताप आहे, हे धाकट्यास पुरते ठाऊक होते. तरीही त्याने पुन्हा ढकलून पाहिले नाही.

थोरला पाणीपुरवठ्याच्या भूमिगत टाकीवर नोकरीस होता. रोज दुपारी जेवून परत गेल्यावर लोखंडी झाकण उघडायचे, बावन्न पायऱ्या उतरायच्या, पाण्याची पातळी पाहायची आणि वर यायचे, हे त्याचे काम. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत स्वतःचा हात दिसत नसे. एके दुपारी तो उतरला, तो वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो पाण्यात सापडला आणि विजेरी चाळिसाव्या पायरीवर. बटण पुढे होते, दिवा विझलेला होता. सेल संपून विझला, की मुळात लागलाच नाही, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

धाकट्यास मात्र त्या प्रश्नाने एकतीस वर्षे पोखरले होते.

कारण त्या घराची एक रीत होती आणि ती धाकट्यानेच घालून दिलेली होती. विजेरी फळीवर ठेवताना मागची टोपी उघडायची आणि मागचा सेल उलटा करून ठेवायचा. मग चुकून बटण दाबले गेले तरी दिवा लागत नाही व सेल फुकट जात नाहीत. विजेरी नेणाऱ्याने तो सुलटा करून न्यायचा. थोरला यावरून त्यास नेहमी चिडवी, "चिकट्या, तुझ्या हाती दिलं तर तू सूर्यालाही उलटा करून ठेवशील!" त्या दुपारी थोरला जेवत असता धाकट्याने थोरल्याने फळीवर तशीच ठेवलेली विजेरी घेतली, सेल उलटा केला व टोपी लावली. थोरला घाईने हात धुऊन विजेरी खिशात घालून गेला. त्याने सेल सुलटा केला काय? धाकट्याने पाहिले नव्हते. पुढे विजेरी घरी आली, तेव्हा ती उघडण्याचे धैर्य त्यास झाले नाही. आणि आज ती उघडावी लागणार होती, तीही वहिनींच्या देखत.

त्याने टोपीच्या सांध्यात तेलाचे थेंब सोडले आणि गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळले. पितळ तापू लागले तसा खोलीत एक वास दरवळला. बंद पाण्याचा, शेवाळाचा, ओल्या दगडाचा. जुन्या सेलांना असा वास नसतो. धाकट्याने शेकडो विजेऱ्या उघडल्या होत्या.

"टाकीचा वास," वहिनी हळूच म्हणाल्या. "त्यांच्या कपड्यांना यायचा."

"तेलाचा असेल."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि पदर नाकाला न लावता तशाच बसून राहिल्या.

धाकट्याने रबरी पट्टी गुंडाळून टोपी पिळली. दोनदा ती हलली नाही. तिसऱ्यांदा आतून किरकिर आवाज आला आणि ती फिरली. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळेच चित्र उभे राहिले. अंधारात, चाळिसाव्या पायरीवर, ओल्या बोटांनी कोणीतरी हीच टोपी उघडू पाहत आहे आणि ती उघडत नाही.

टोपी निघाली. आत मागच्या सेलाचे टोक हिरवट-पांढऱ्या क्षाराने माखले होते. सेल सरळ असेल तर येथे जस्ताची सपाट बैठक दिसावयास हवी. उलटा असेल तर मध्यभागी सेलाच्या पितळी टोकाचा उंचवटा. धाकट्याने दिवा जवळ ओढला. मध्यभागी उंचवटा होता.

त्याचे हात खाली आले.

"काय झालं, भाऊजी?"

"वहिनी, सेल उलटा आहे." त्याने विजेरी टेबलावर ठेवली. "मी केला होता. दादा जेवत होता तेव्हा. त्याला दिवा मिळालाच नाही. मी इतकी वर्षं तुमच्या हातचं जेवलो आणि हे सांगितलं नाही."

वहिनींच्या चेहऱ्यावर राग उमटला नाही. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, जणू तो परक्या भाषेत बोलत होता.

"तुम्ही कसा कराल?" त्या म्हणाल्या. "मी केला होता."

"तुम्ही?"

"ते हात धुवायला गेले तेव्हा. फळीवर बघितली, तुम्ही हात लावलेला मला दिसला नव्हता, म्हटलं आज भाऊजी विसरले वाटतं. टोपी काढली, सेल फिरवला, टोपी लावली. बघितलंसुद्धा नाही, हाताला सवय. नंतर सांगायचं राहून गेलं. मग..." त्या थांबल्या. "जावयाचं निमित्त आहे हो. मलाच बघायचं होतं. मरायच्या आधी एकदा."

दोघेही त्या उंचवट्याकडे पाहत राहिले. मग धाकट्याच्या हातांना त्यांचे काम आठवले. त्याने कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवला, जुना दातांचा ब्रश बुडवला आणि उंचवट्यावर हळूहळू फिरवला. फेस आला. पांढरे पाणी विजेरीच्या कडेने ओघळले. उंचवटा भुसभुशीत होऊन विरघळू लागला. तो निव्वळ क्षाराचा गोळा होता. त्याच्या खाली कुजलेले, भोके पडलेले, परंतु सपाट जस्त निघाले.

"सरळ आहे," धाकटा म्हणाला. "मी उलटा केला आणि तुम्ही परत सरळ केलात."

"नक्की?"

"हात लावून बघा."

वहिनींनी बोट लावले. मग त्या रडल्या. आवाज न करता, खांदे हलवत. धाकट्याच्याही छातीवरील धोंडा उतरला आणि एकतीस वर्षांत प्रथमच त्यास पूर्ण श्वास घेता आला. परंतु तो श्वास सोडता सोडता त्याच्या मनात एक नवाच विचार शिरला, आणि त्याने पाहिले की वहिनींचे रडणेही त्याच क्षणी थांबले आहे.

"म्हणजे दिवा लागत होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यांना पायऱ्या दिसत होत्या. पाणी दिसत होतं."

"हो, वहिनी."

खोलीत तो ओला वास अधिक दाट झाला होता. धाकट्याने विचारू नये तेच विचारले. "त्या दिवशी जेवताना दादा काही बोलला होता का हो?"

"बोलले होते. ताट सरकवून काहीतरी बोलले होते माझ्याशी."

"काय?"

वहिनींनी डोळे मिटले.

"नाही आठवत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी फक्त तो सेलच आठवत बसले."

धाकट्याने स्वतः आठवून पाहिले. तोही त्या वेळी त्याच खोलीत, चार हातांवर होता. त्याने थोरल्याचा चेहरा आठवण्याचा यत्न केला, त्याचा आवाज, तो शेवटचा शब्द. त्याच्या नजरेसमोर येत राहिली ती फक्त त्याची स्वतःची बोटे, टोपी घट्ट पिळणारी.