तीन दिवसांचा झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. पण जुना म्हटलं म्हणून लगेच माझी कीव करू नका, ती मला खपत नाही. माझे सहा खांब आहेत. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, वरून घट्ट बांधलेले. मध्ये एक आडवा दांडा आणि त्याला लोंबणारी बैठक. अंगात एक खिळा नाही आणि सिमेंटाशी माझं कधी पटलं नाही. आम्हा कझाख लोकांत मला अल्तीबाकान म्हणतात, म्हणजे सहा खांब. नाव देताना कुणी फारसं डोकं शिणवलेलं दिसत नाही.

उर्कियाचं लग्न झालं, त्या वसंतात तिच्या नवऱ्याने, तोलेगेनने, मला तासलं. दोर उर्कियाने वळले, घोड्याच्या शेपटीचे केस आणि मेंढीची काळी-पांढरी लोकर एकत्र करून. गाठही तिचीच. दर वसंतात नौरीझच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला मी माळावर उभा राहायचो. जो बसेल त्याने गाणं म्हणायचं, अशी रीत होती. मग गवत वाढलं की सगळी वस्ती जनावरं घेऊन डोंगराकडे निघायची आणि मलाही गाडीवर टाकायची. त्यामुळे एका जागी रुतून बसण्याची सवय मला लागलीच नाही.

पुढे वस्ती उठली, माणसं शहरात गेली आणि तोलेगेनही वारला. मी गोठ्यामागे वीस वर्षं पडून होतो. माझ्यावर कोंबड्या बसत. त्या वर्षांबद्दल मी अधिक बोलणार नाही, पण कोंबड्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

उर्किया शहरात मुलाकडे राहायला गेली. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून खाली एक मोठा गोल हौद दिसायचा. एके काळी तिथे कारंजं होतं म्हणे. आता पाणी नव्हतं, भोवती गाड्या लावलेल्या असत आणि मुलं जिन्यात खेळत. खालच्या मजल्यावरचे लोक त्यांच्यावर ओरडत. उर्कियाची पणती बोता तेव्हा वर्षाची होती आणि भिंतीला धरून उभी राहू लागली होती. या पोरीने पहिलं पाऊल जिन्यात टाकायचं का, असं उर्कियाने मुलाला विचारलं आणि मला आणायला सांगितलं. लोक हसतील, असं तो म्हणाला. तिने दोन दिवस त्याला आपल्या हाताने चहा ओतून दिला नाही. तिसऱ्या दिवशी मी ट्रकमध्ये होतो.

नगरपालिकेकडून परवानगीचा कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं की तात्पुरती वस्तू एका जागी तीन दिवसांहून अधिक ठेवू नये. खाली मेयिरखान नावाच्या अधिकाऱ्याची सही होती.

मग त्या कोरड्या हौदात मी उभा राहिलो आणि जिन्यातली मुलं धो धो खाली आली. गाण्याची रीत उर्कियाने सोडली नाही. मुलांना जुनी गाणी येत नव्हती, म्हणून त्यांनी जाहिरातींतली म्हटली. मला चाललं. गाड्यावाल्यांना मात्र नाही चाललं. गाडी वळवता येत नाही, अशा तक्रारी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारीच मेयिरखान दोन मजूर घेऊन हजर झाला.

मजुरांनी गाठीशी खूप झटापट केली. ती गाठ बांधणाऱ्यालाच सुटते. शेवटी मेयिरखान हौदात उतरला आणि त्याने खिशातला चाकू उघडला. मित्रांनो, मी घाबरलो. दोर तुटले तर मी सहा लाकडं उरतो, आणि उर्कियाच्या बोटांत पुन्हा तसे दोर वळण्याची ताकद नव्हती.

उर्किया बोताला घेऊन आली. माझ्या बैठकीला गुंडाळलेली काळी-पांढरी दोरी तिने सोडली आणि पोरीच्या दोन्ही पायांना बांधली. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याचे पाय असे बांधतात आणि एखाद्या भल्या माणसाकडून दोरी कापून घेतात. मूल त्या माणसाच्या वळणावर जातं, असं मानतात. त्यामुळे हा माणूस घरची मंडळी फार पारखून निवडतात.

"चाकू काढलाच आहेस, तर आधी ही काप," उर्किया म्हणाली.

"मी? आपा, एखादा मोठा माणूस बघा की."

"तू काय लहान आहेस? सही तर तुझीच चालते."

एक मजूर मान खाली घालून हसला. मेयिरखानचे कान लाल झाले.

"आणि पोर माझ्या वळणावर गेली तर?"

"म्हणूनच विचार करून काप. उद्या ही विचारेल, माझी दोरी कुणी कापली. तो कसा माणूस होता, हे मला सांगावं लागेल."

मेयिरखानने चाकूचं पातं दोनदा विजारीला पुसलं. मग गुडघे टेकून त्याने दोरी कापली. नीट चाल गं बाई, असं काहीतरी तो पुटपुटला. बोता डगमगली आणि चार पावलं टाकून तिने थेट माझी बैठक धरली. बायकांनी मिठाई उधळली, मुलं ती वेचायला धावली. मेयिरखान उघडा चाकू घेऊन किती तरी वेळ माझ्याकडे बघत उभा होता. मग त्याने तो मिटला.

"पण आपा, कागद तो कागद. उद्या सकाळी हा इथे दिसता कामा नये."

"इथे नाही दिसणार," उर्किया इतक्या शहाणपणाने म्हणाली की मलाच शंका आली.

सकाळी तिने गाठ सोडली. एकेका खांबाला चार-चार मुलं लागली आणि वरात बंद पडलेल्या सिनेमागृहामागे गेली. तिथे तीन दिवस. मग बसगाड्यांच्या ओसाड आवारात तीन दिवस, मग बाजारामागच्या मोकळ्या जागेत, आणि फिरून पुन्हा हौदात. दर तिसऱ्या दिवशी मेयिरखान कागद घेऊन येतो. बोता त्याच्याकडे पळत जाते, आणि मला हलवायचं असतं तेव्हा एक खांब त्याच्याही खांद्यावर येतो.

आता काही मोठी माणसं म्हणतात की मला रंग देऊ, सिमेंटात पक्कं रोवू, शेजारी नावाची पाटी लावू. त्यांना स्पष्ट सांगतो, माझ्या वाटेला जाऊ नका. एकदा मी रोवला गेलो की बाकीच्या ओसाड जागा पुन्हा गाड्यांच्या घशात जातील आणि तिथली मुलं पुन्हा जिन्यात बसतील.

तुम्हाला खरंच मला जपायचं असेल, तर माझी गाठ शिका. उर्कियाची बोटं आता थरथरतात. रोज संध्याकाळी ती हौदाच्या काठावर बसते आणि मुलांकडून गाठ घालून घेते, चुकली की सोडायला लावते. अकरा जणांना ती येऊ लागली आहे. बोता अजून नुसता गुंता करते, पण सोडत नाही.

तेव्हा, मित्रांनो, ज्यांना मला हटवायचं आहे त्यांनी खुशाल यावं. मी आधीच पुढच्या जागेकडे निघालेलो असेन.