बगळ्याची भीती

रविवारी सकाळी माणसाने लोळावं, फार तर दाढी करावी. पण बगळ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, चल, रोलर कोस्टरमध्ये बसायला जायचंय. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले. माझ्या बायकोने आतून ऐकलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. तो का आलाय ते मला पक्कं ठाऊक होतं.

बगळ्या टॉवर क्रेन चालवतो. उंच, काटकुळा, मान पुढे काढून चालणारा, आणि दिवसभर बसलेला असतो त्या उंच लोखंडी सांगाड्यावरच्या केबिनमध्ये. नाव कोणी ठेवलं आठवत नाही, पण जे चिकटलं ते चिकटलं. मी खाली उभा राहून त्याला हाताने खुणा करतो. उचल, सोड, डावीकडे घे, हळू, थांब. कवायत घेतल्यासारखा हात हलवतो म्हणून मी मास्तर. वॉकीटॉकी आहे, पण त्यावर अख्खी साइट एकाच वेळी बोलत असते आणि बगळ्याचा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही. हुक हलेल तो मास्तरच्या हातावर, हा त्याचा नियम. साइटवर सगळ्यांची जाकिटं नारिंगी आणि माझं एकट्याचं पिवळं, ते एवढ्याचसाठी. मी रजेवर असलो की तोही रजा टाकतो. लोक आम्हाला नवरा-बायको म्हणतात, आणि त्यातली बायको कोण यावर अजून एकमत झालेलं नाही.

मागच्या आठवड्यात सळ्यांचा भारा खाली येत होता. मी थांबायची खूण केली, पण भारा थांबला नाही. मी दोन्ही हात पसरले, घसा फाटेपर्यंत ओरडलो, तरी तो येतच राहिला, थेट सळ्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर. कोणीतरी म्हाताऱ्याला कमरेला धरून ओढलं म्हणून तो वाचला. हेल्मेट फुटलं, खांदा सोलून निघाला. बगळ्या शिडी उतरून खाली आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

त्याच्या थोडेच दिवस आधी तो वादळात केबिनमध्ये अडकला होता आणि सगळी क्रेन झुलत होती. त्यामुळे लोकांनी आपापला निकाल लावून टाकला: भ्यालाय, ऐन वेळी हात गोठतो. फोरमनने मला बाजूला घेतलं. तो म्हणाला, तुझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही, तो घाबरलाय का एवढंच मला सांग, सोमवारी तो वर चढायच्या आत सांग. मी हो म्हणालो की बगळ्याची केबिन गेली. आणि नाही म्हणालो आणि पुन्हा तसंच झालं, तर दर वेळी म्हाताऱ्याला ओढायला कोणी जवळ असेलच असं नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

हे बगळ्याच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. साइटवर लोखंड टिकतं, गुपित टिकत नाही. म्हणून तो दारात उभा होता. मला दाखवायला, की बघ, मी उंचीला भीत नाही.

"तुझं पिवळं जाकीट घाल," तो निघताना म्हणाला. "तिथे गर्दी असते. हरवशील."

मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं पुटपुटत मी जाकीट चढवलं.

पार्कात शिरल्या शिरल्या माझं डोकं उठलं. एकीकडून गाणी, दुसरीकडून किंचाळ्या, आणि प्रत्येक वळणावर पॉपकॉर्नचा वास. मी जमिनीवरचा माणूस आहे. माझा सगळा जन्म वर बघण्यात गेला, वर जाण्यात नाही. पण शेजारी बसल्याशिवाय त्याची भीती मोजणार कशी? पहिल्या गाडीत बसलो. छातीवर दांडा आला, गाडी खडखडत चढली आणि मग खाली सुटली. मी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ज्यांची वर्षानुवर्षं आठवण काढली नव्हती त्या सगळ्या देवांना हाका मारत होतो. बगळ्या दोन्ही हात वर करून मोठमोठ्याने हसत होता.

उतरल्यावर त्याने हात माझ्यापुढे धरला. बोटं सरळ, जराही थरथर नव्हती. मग माझा हात धरून त्याने शेजारी ठेवला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

"आता सांग, कोण घाबरलंय?" तो म्हणाला.

लाकडी रोलर कोस्टर झाला, त्यात माझी कवळी निखळता निखळता राहिली. उलटं टांगून नेणारा झाला. अंधाऱ्या बोगद्यातला झाला, तिथे माझी बोबडी वळली आणि पुढच्या सीटवरची एक मुलगी वळून मला धीर देत होती. दर वेळी उतरलो की तो हात पुढे करायचा आणि मी बघायचो. हात अगदी स्थिर असायचा. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, खोटं कशाला बोलू. सोमवारी फोरमनच्या तोंडावर छाती पुढे काढून सांगता येणार होतं. पण आइस्क्रीमच्या रांगेत उभं असताना ते बरं वाटणं विरून गेलं. हा घाबरत नाही, मग भारा थांबला का नाही? मी थांब म्हणालो होतो. आम्ही एकत्र काम करायला लागल्यापासून मी थांब म्हणालो आणि तो थांबला नाही, असं कधीच झालं नव्हतं.

मी त्याला विचारलंच. ब्रेक उशिरा लागला, तो म्हणाला. मी म्हटलं, ब्रेक तपासला, ठणठणीत होता. मग तो चिडला. सकाळपासून तुझ्यासमोर जीव धोक्यात घालतोय तरी तुझं तेच, म्हणाला. मग वर लावलेल्या आइस्क्रीमच्या यादीकडे न बघताच म्हणाला, तूच सांग माझ्यासाठी कुठलंही. मला वाटलं, रागावलाय. मीही रागावलो. आइस्क्रीम आम्ही एकमेकांकडे पाठ करून खाल्लं.

मग पाण्यातली गाडी. ती तळ्यात आदळली आणि आम्ही नखशिखांत भिजलो. त्याने माझी दशा पाहून, म्हणजे मला तेव्हा वाटलं पाहून, हसायला सुरुवात केली आणि मलाही हसू आलं, आणि राग गेला. जाकिटातून पाणी निथळत होतं. मी ते पिळलं, घडी केली आणि पिशवीत कोंबलं. आत करडा शर्ट होता, तो अंगावरच वाळत राहिला.

शेवटी राहिला सगळ्यात मोठा. त्याची चढण आमच्या क्रेनच्या निम्म्याहून उंच होती. मी हात टेकले. म्हटलं, माझी खात्री पटली बाबा, तू एकटा जा, मी खालून बघतो. तो खूष होऊन गेला आणि पहिल्या रांगेत बसला. मी कठड्यापाशी उभा राहिलो. गाडी साखळीवर चढू लागली, निम्म्याच्या वर गेली, आणि एक झटका देऊन थांबली.

आधी लोक हसले, मग रडारड सुरू झाली. भोंग्यावरून कोणीतरी सांगत होतं की गाडी आपोआप थांबली आहे, धोका नाही, जागेवर बसून राहा. पिवळ्या शर्टातला पार्कचा एक माणूस धावत आला आणि गर्दीला मागे सारू लागला. मी वर पाहिलं. बगळ्या शांत बसला होता, आमच्या केबिनमध्ये बसतो तसाच, मान पुढे काढून. माझा हात सवयीने वर गेला. थांब, सगळं ठीक आहे, अशी खूण केली.

त्याने उत्तर दिलं नाही. तो खालीच बघत होता, पण माझ्याकडे नाही. माझ्यापासून बऱ्याच अंतरावर तो पिवळ्या शर्टवाला दोन्ही तळवे खाली दाबत लोकांना सांगत होता, शांत राहा, बसून घ्या. आणि वरून बगळ्याने अंगठा दाखवला. त्याला.

मला वाटलं, चुकून झालं असेल. मी पुढे सरकलो, दोन्ही हात हलवले. मग आमच्या दोघांचीच एक खूण आहे ती केली, अंगठा ओठांशी नेऊन, चहाची वेळ झाली अशी. ती पाहून तो नेहमी हसतो. वर काहीच हालचाल नाही. पिवळा शर्ट डावीकडे फाटकाकडे चालत गेला आणि बगळ्याचं तोंड त्याच्याबरोबर डावीकडे वळलं. पिवळा शर्ट तिथे उभा राहून हातवारे करू लागला. बगळ्याने पुन्हा अंगठा दाखवला.

मला सळ्यांच्या भाऱ्याचा दिवस आठवला. त्या दिवशी साइटवर पाहणीला एक साहेब आला होता. त्याला कोणीतरी माझंच जास्तीचं पिवळं जाकीट दिलं होतं, आणि त्यावरून मी चिडलोही होतो. तो फाटकापाशी उभा राहून फोनवर बोलत होता आणि आपल्या ड्रायव्हरला हाताने सांगत होता, ये, आणखी ये, आणखी खाली घे. तेवढाच वेळ भारा खाली येत राहिला होता. बगळ्याचा हात गोठलाच नव्हता. त्याने हुकूम तंतोतंत पाळला होता, फक्त तो दुसऱ्याच माणसाचा होता. त्याला माणूस दिसत नव्हता. पिवळा डाग दिसत होता.

गाडी पुन्हा सुरू झाली, वळणं घेऊन आली, आणि तो उतरून माझ्या दिशेने आला. मला ओलांडून तसाच पुढे चालला होता, मी हाक मारली तेव्हा वळला. चेहरा फुललेला.

"बघितलंस? वर अडकलो, पण हूं की चूं केलं नाही," तो म्हणाला. "आणि तुझंच काय चाललं होतं खाली? सारखं आपलं हळू, हळू."

"तो मी नव्हतो."

"म्हणजे?"

"माझं जाकीट पिशवीत आहे."

त्याने माझ्या छातीकडे पाहिलं. तेही सरळ नाही, मान जराशी तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मग तो कठड्याला हात लावत बाकापर्यंत गेला आणि बसला. मी शेजारी बसलो. समोरून लोक फुगे घेऊन चालले होते.

मग तो बोलू लागला. गेल्या उन्हाळ्यापासून सुरू झालं. मधोमध धूसर, कडेने दिसतं, रंग कळतात. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येणार नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. कामावरच्या तपासणीत पास झाला, कारण तिथला अक्षरांचा तक्ता इतक्या वर्षांत कोणी बदललेला नाही आणि त्याला तो तोंडपाठ आहे. घरी वहिनीला माहीत नाही. मला का सांगितलं नाहीस, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं: मी त्याला वर चढू दिलं नसतं.

"तू खाली असलास की मला दिसायची गरजच नाही," तो म्हणाला. "तुझा हात कुठे जाणार, ते मला तुझ्याआधी कळतं."

एक क्षणभर, लाज वाटते सांगायला, मला अभिमान वाटला. एवढा विश्वास माझ्यावर बायकोनेही कधी टाकला नाही. मग तो म्हातारा आठवला, जमिनीवर बसून आपलं फुटलेलं हेल्मेट दोन्ही हातांत धरून बघणारा.

मी म्हटलं, "त्या दिवशी नाही कळलं."

तो जवळ सरकला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "फोरमनला सांग, मी घाबरलोय."

मला आधी कळलंच नाही. दिवसभर ज्याच्या उलट सिद्ध करायला त्याने मला हवेत उलटं टांगलं, तेच आता तो माझ्याकडे मागत होता. त्याने समजावून सांगितलं. घाबरलेल्या माणसाला थोडे दिवस खाली ठेवतात. लोक चार दिवस हसतात आणि विसरतात. भीती जाते आणि माणूस पुन्हा वर चढतो. डोळे गेलेल्याला कोणी पुन्हा चढू देत नाही.

"आणि पुन्हा चढलास की?" मी विचारलं.

"खाली तू असशीलच की."

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याला मिठीत घ्यावंसं वाटलं, दोन्ही एकदमच. मी काहीच केलं नाही. खिशातून फोन काढला. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर माझा धीर राहिला नसता, आणि तो रात्रभर असंच बोलत राहिला असता तर मी नक्की ऐकलं असतं. फोरमनने लगेच उचलला. मागे त्याच्या घरची भांडी वाजत होती.

"घाबरलाय का?" त्याने विचारलं.

बगळ्याने मान माझ्याकडे वळवली होती, तिरकी. माझा चेहरा त्याला कितपत दिसत होता मला माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो. "घाबरलेला नाही. त्याला दिसत नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. फोरमनने परत विचारलं आणि मी परत तेच सांगितलं. मग मी फोन बंद केला. बगळ्या समोर बघत बसला होता. तिथे मोठी गाडी पुन्हा चढणीला लागली होती आणि लोक आधीपासूनच ओरडत होते.

"आता घरीही तूच सांग," तो म्हणाला आणि उठला. मी पिशवी उचलून त्याच्याबरोबर चालू लागलो.