लाखोरीचं वरण

सत्तावन्न साली मी मूलजवळच्या एका ग्रामविद्यालयात स्वयंपाक शिकवायला रुजू झाले. मी वर्ध्याची. चांदा जिल्हा तोवर नकाशातच पाहिलेला. विद्यालय म्हणजे उमा नदीच्या अलीकडे तीन कौलारू खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सात एकर धानाची बांधी. आसपासच्या खेड्यांतली सोळा-सतरा वर्षांची बावीस मुलंमुली तिथं राहून शिकायची. सकाळी शेतात, दुपारी चुलीपुढं. शेणखत आणि कुजवलेला पालापाचोळा सोडून दुसरं खत शेतात घालायचं नाही आणि शेतात पिकेल तेच शिजवून खायचं, असा आमचे प्रमुख गुणवंतराव यांचा नियम होता. मुलग्यांनाही चुलीपुढं बसावं लागे. त्यांच्या घरच्यांना ते मुळीच पटत नसे.

त्या वर्षी भाद्रपदातच पाऊस गेला आणि धान पोचट निघाला. धान उभा असताना ओल्या बांधीत फेकलेली लाखोरी मात्र तरारून आली. लाखोरीला पाणी लागत नाही, निगा लागत नाही. तिची डाळ दिसायला तुरीच्या डाळीसारखीच. माघात सहा पोती झाली. गुणवंतराव खूश झाले.

"इंदुताई, उन्हाळाभर दोन्ही वेळचं वरण हिचंच करा," ते म्हणाले. "आपल्याच शेतातलं आहे."

पहिल्या दिवशी स्वयंपाकाची पाळी कमळाची होती. सतरा वर्षांची, कामाला चपळ, बोलायला कमी. तास सुरू होऊन बराच वेळ झाला तरी तिची चूल पेटलेली नव्हती. डाळीचं टोपलं समोर ठेवून ती नुसती बसली होती.

"काय गं, बरं नाही का?"

"बरी आहो, बाई. पण हे मी नाई शिजवत."

"का?"

तिनं टोपलं बाजूला सरकवलं. बाकीची मुलं हातातली कामं थांबवून आमच्याकडे बघू लागली. मला राग आला. इथं शिकायचं तर शिजवावं लागेल, नसेल जमत तर घरी जा, असं मी सगळ्यांसमोर बोलून गेले. ती उठली आणि तिनं खरंच गाठोडं बांधलं. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुमी बी चाला, बाई. माह्या बाबाले पाहा. मंग सांगा मले शिजवाले."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच मी गेले. बैलांच्या बंडीनं आठ मैल.

तिचे वडील लटारू ओसरीवर बसले होते. बाई आल्या म्हणून ते उठायला लागले. मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी दोन्ही हातांत दोन काठ्या घेतल्या आणि उभे राहिले. गुडघे वाकलेले, टाचा अधांतरी. एक पाऊल टाकलं की तो पाय दुसऱ्या पायाच्या पुढ्यात आडवा यायचा. मला वाटलं, म्हातारे आहेत. नंतर कळलं, वय फक्त अडतीस.

"चार सालाआंधी धानाचे भारे वाहून राह्यलो होतो," ते सांगू लागले. "एक दिस सकाळी उठलो, त पाय माहे नाईच. लाखोरीनं नेले. गावात असे अकरा जन आहेत."

"लाखोरीनं असं होतं, हे ठाऊक नव्हतं का भाऊ तुम्हाला?"

"ठाऊक होतं न बाई." ते शांतपणे म्हणाले. "धान सरला होता. मालक मजुरीत लाखोरीच देऊन राह्यला होता. पोरं रडत होते. पोटाले थांब म्हनता येते का?"

कमळा दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "माय मेली होती. रांधत मीच होती, बाई. तेरा सालाची होती. पाच महिने दोन्ही टाइम मीच वाढलं त्याइले."

मग मी गावात घरोघर हिंडले. अकराही जणांना पाहिलं. एका घरी सोनीबाई नावाची म्हातारी भेटली. तिच्या घरी चार तरणे मुलगे, तेच अन्न खाल्लेले, पण सगळे धडधाकट. तिनं सांगितलं, "मी त लाखोरी कढत पान्यात भिजू घालतो. ते पानी फेकतो. अखीन भिजवतो, अखीन फेकतो. माही सासू असंच करे."

कमळा माझ्या मागंच होती. ती पुढं आली. "मावशी, आमाले काऊन नाई सांगतलं?"

"कोनं विचारलं, पोरी? अना मले तरी कुठी मालूम होतं, का त्याच्यानंच पाय वाचले?"

कमळाला घेऊन परत आल्यावर मी गुणवंतरावांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन आले आणि न जेवता झोपले. सकाळी त्यांनी मुलांना जमवलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "ही सहा पोती खताच्या खड्ड्यात घाला. आपण अर्धपोटी राहू."

मुलं पोती उचलायला निघाली, तेव्हा कमळा वाटेत उभी राहिली.

"नोका फेकू, गुरुजी. आपन फेकून देऊ, गाव काय फेकन? या उन्हाळ्यात तिथी दुसरं काहीच नाई. ते खातीनच. मंग मले आधी धुवाले त शिकू द्या."

गुणवंतरावांनी मुलांना पोती खाली ठेवायची खूण केली. मग म्हणाले, "शिका."

सोनीबाईला आम्ही बंडीनं विद्यालयात आणलं. तिच्यासमोर कमळानं डाळ कढत पाण्यात भिजवली, पाणी ओतून दिलं, असं तीनदा. मी मापं लिहून घेतली. चांद्याच्या डॉक्टरांना पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की विष यानं कमी होतं, पण पूर्ण जात नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी, दुसऱ्या डाळीत मिसळून, थोडीच खावी. तसंच आम्ही खाल्लं. बाकी दिवस पेज आणि अंबाडीची भाजी. तीन मुलं भुकेला कंटाळून घरी गेली ती परत आली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात आमच्या बांधीत लाखोरीच्या जागी हरभरा आणि जवस पेरला.

शिक्षण संपल्यावर कमळा गावोगाव फिरू लागली. तिच्या गावात पुढं नवा कुणी लंगडा झाला नाही. पण पाऊसही बरा होत गेला, तेव्हा श्रेय कुणाचं ते मला सांगता यायचं नाही.

एकोणसाठच्या चैत्रात मी तिच्या गावी गेले होते. पारावर तीस-चाळीस बाया बसल्या होत्या. मध्ये तीन दगडांच्या चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवून कमळा डाळ कशी धुवायची ते दाखवत होती. मागून एक बाई म्हणाली, "एवढं पानी कोन आनन? न धुता खाल्ली त काय होते?"

कमळा काही बोलायच्या आत कडेला बसलेल्या लटारूंनी काठ्या उचलल्या. कुणी सांगितलं नव्हतं. ते उठले आणि सगळ्या बायांच्या पुढून, पाय एकमेकांत अडकवत, पाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. एवढ्याशा अंतराला फार वेळ लागला.

कमळानं वडिलांकडे पाहिलं नाही. तिनं पदरानं गंज धरला, तिरपा केला आणि पिवळं पाणी मातीत ओतून दिलं.