तळापर्यंत न ठोकलेले सील

ऑक्टोबर महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, न्यायालयामागील गल्लीतल्या दोन गाळ्यांच्या गॅरेजात तीस वर्षे वयाची एक मोटार एकाच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा आली. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पुढच्या बाजूने जिथे बाहेर डोकावतो, तिथे त्याच्याभोवती रबराचे एक कडे असते. आतले तेल आत राखणे एवढेच त्याचे काम. हे सील मिस्त्रींनी महिन्याभरात दोनदा बदलले होते आणि दोन्ही वेळा गळती तशीच राहिली होती.

मोटार मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीची होती. परक्याची असती तर बरे झाले असते. परका माणूस निमूटपणे दुसरे गॅरेज गाठतो.

"अरे, माझ्या दारात सांडलं तेवढ्या तेलात अख्ख्या गल्लीच्या बिजागऱ्यांची करकर थांबली असती," ती म्हणाली.

मिस्त्री हसले नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तेव्हापासून गॅरेजचा कारभार त्यांची मुलगी पाहत होती.

"आज गळलं, तर उद्यापासून मी पान्याला हात लावणार नाही," ते मुलीला म्हणाले. रागाच्या भरात ते असे पुष्कळदा बोलत आणि विसरत. आज मात्र आवाज शांत होता, म्हणूनच मुलगी धास्तावली.

तिने पट्टा उतरवला, पुली काढली. मिस्त्रींनी दांड्याला ओरखडा येऊ न देता सील उचकटले आणि बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिले.

"फाटलेलं नाही. तिरकं बसलेलं नाही. दांडाही चकचकीत. माझ्याच डोळ्यांना दिसत नसणार."

"बाबा, डोळे राहू द्या. नख लावून बघा."

त्यांनी दांड्यावरून नख ओढले. ते एका ठिकाणी अडकले.

"खाच आहे."

रबर झिजते आणि लोखंड टिकते, असे मानण्याची पद्धत आहे. ते पूर्ण सत्य नव्हे. तीस वर्षे एकाच जागी घासून सीलच्या मऊ ओठाने, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या आतल्या कडेने, लोखंडात केसाएवढी चरी पाडली होती. सील त्याच्या खोबणीच्या तळाला टेकेपर्यंत ठोकायचे, हा मिस्त्रींचा चाळीस वर्षांचा नियम. त्यामुळे प्रत्येक नवे सील नेमके त्याच चरीत जाऊन बसत होते.

"म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही अगदी चोख बसवलंत," मुलगी म्हणाली, "आणि म्हणूनच गळलं. दोन मिलिमीटर बाहेर ठेवू. ओठ कोऱ्या लोखंडावर येईल."

"अर्धवट ठोकलेलं सील? माझ्या गॅरेजात?"

"घ्या! लहानपणापासून हेच," बहीण म्हणाली. "वाद असो की खिळा, टोक गाठल्याशिवाय याला चैन पडायची नाही."

तळाला टेकणारे सील आपोआप थांबते. अलीकडे थांबवायचे, तेही चहूबाजूंनी सारखे, तर फक्त हाताचा भरवसा. मुलीचा हात स्थिर होता आणि हे काम तिला सहज जमले असते. तिने हातोडी वडिलांपुढे धरली.

मिस्त्रींनी सीलच्या ओठाला तेल लावले, मापाचा पाइप टेकवला आणि हलके ठोके दिले. दर ठोक्यानंतर ते कडेवरून बोट फिरवीत. मुलगी माप घेत होती.

"दोन. दोन. इथे अडीच."

एक ठोका.

"दोन."

सगळे जोडून झाल्यावर बहीण मोटार घेऊन शहरभर हिंडली आणि दोन तासांनी परतली. मुलगी कापड घेऊन गाडीखाली जाऊ लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला अडवले.

"तू नको. तू माझ्यासाठी खोटं बोलशील. ताई, तू बघ."

त्या बाईने भावाचे खोटे कौतुक आयुष्यात कधी केले नव्हते. गुडघ्यांना दोन शिव्या हासडत ती वाकली, पुलीखालून कापड फिरवले, उजेडात धरले, उलटून पुन्हा धरले. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उभे होते.

"कोरडं आहे," ती म्हणाली.