सात पायऱ्यांचा जिना

माझ्या धाकट्या बहिणीने, सालुदने, एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं ते १९९२ साल. नवरा मुलगा सहासष्ट वर्षांचा. दात माझ्यापेक्षाही कमी. तरी मी रीत सोडली नाही. नवऱ्याकडच्यांनी खाणंपिणं घेऊन मुलीच्या घरचा जिना चढायचा, मागणी घालायची, आणि मुलीकडच्यांनी आढेवेढे घ्यायचे, ही आमची रीत. आईवडील कधीच गेले होते, म्हणून वडीलकी माझ्याकडे आली. मी चांगला तासभर आढेवेढे घेतले. "आमची मुलगी अजून लहान आहे," असंही म्हणालो.

सालुद मला, थोरल्या भावाला, कुया म्हणते; ती स्वयंपाकघरातून ओरडली, "कुया, आता पुरे कर! गुडघेदुखीचा माणूस आहे तो, किती वेळ बसवून ठेवशील?"

सगळे हसले. फक्त कोपऱ्यातली एक गोरी मुलगी हसली नाही. ती वहीत लिहीत होती. हानेका तिचं नाव, हॉलंडची. मनिलाला दोन वर्षं राहून आमची भाषा शिकली होती आणि लोकांच्या रीतीभाती लिहून घ्यायला आमच्या वाडीत आली होती. आम्ही तिला हाना म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि आम्ही वडीलधाऱ्या पुरुषाला लावतो तो 'मांग' लावून म्हणाली, "मांग तेओ, सगळे सांगतात की रीतीभातींचं तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही."

हे सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. खरं असतं ते विचारून कशाला खराब करायचं? तेव्हा मला अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकात आपलं नाव येणार हे कळण्यापुरती अक्कल होती. मी नवा सदरा घालून बसू लागलो.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. आमची एकुलती एक मुलगी निला. दहा वर्षांपूर्वी ती किनाऱ्यावरच्या आम्ब्रोसियो नावाच्या कोळ्याच्या पोराबरोबर पळून गेली होती. मागणी नाही, काही नाही. तिच्या लग्नाला म्हणून मी डुक्कर पोसत होतो, आणि व्याही चढतील म्हणून जुना जिना काढून नवा केला होता. चांगल्या मुरलेल्या बांबूचा, सात पायऱ्यांचा. पायऱ्या आम्ही सोनं, चांदी, मरण अशा मोजतो, आणि शेवटच्या पायरीवर सोनंच यावं लागतं. म्हणून सात. त्या जिन्यावरून व्याही सोडून सगळे चढले. पहिला चढला तो डुक्कर विकत घ्यायला आलेला माणूस.

तेव्हा मी जाहीर केलं, जोवर नवऱ्याकडची माणसं हा जिना चढत नाहीत, तोवर मुलगीही चढणार नाही. हीच रीत आहे. आणि नवऱ्याकडची माणसं चढली कशी असती? एकदा आम्ब्रोसियोचा बाप मोठा मासा घेऊन आला, तर मी परसदारी लपून बसलो आणि घरात नाही म्हणून कळवलं. चर्चच्या दारात निला आशीर्वादासाठी माझा हात कपाळाला लावायला पुढे आली, तर मी हात खिशात घातला. त्या विजारीला खिसा आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. असा मी.

माझी बायको रुफिना दर रविवारी बाजारात निलाला भेटायची. मला ते माहीत नाही असं मी दाखवायचो आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नाही असं ती दाखवायची. चार बांगडे आणायला बाईला तीन तास लागत. पण त्या वर्षी तिच्या पायांना सूज चढली, दम लागू लागला. गावातल्या डॉक्टरने सांगितलं, छातीत पाणी झालंय, आता जिना उतरायचा नाही. म्हणजे रुफिना खाली जाऊ शकत नव्हती आणि निला वर येऊ शकत नव्हती. मध्ये माझा सात पायऱ्यांचा जिना. डॉक्टर मला बाजूला घेऊन हेही म्हणाला की नाताळपर्यंत काढतील असं वाटत नाही.

रुफिना एकदाच म्हणाली, "तेओ, पोरीला वर येऊ दे." मी म्हणालो, "रीत आहे." ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

हानाला मी हीच रीत सांगितली. तिने मान खाली घालून लिहून घेतली. आत चटईवर पडलेल्या रुफिनाला सगळं ऐकू जात होतं.

"काही लिहू नकोस गं!" ती म्हणाली. "कसली रीत? याने स्वतः मला पळवून आणलं होतं. होडीतून. वल्हंसुद्धा माझ्या भावाचं होतं."

"तो काळ वेगळा होता," मी म्हणालो.

"हो. तेव्हा माझा बाप होता. तिसऱ्या दिवशी त्याने याला भात वाढला. वर विचारलं, अजून घेणार का? आणि याने घेतला."

हाना गोंधळली. मग, आईला म्हणतात तसं नानाय म्हणत, जपून म्हणाली, "नानाय रुफिना, दुसऱ्यांच्या रीतीला मी वाईट म्हणू शकत नाही. ज्याची रीत त्याच्या जागी उभं राहूनच समजून घ्यावी लागते. आम्हाला असंच शिकवतात."

मला हे इतकं आवडलं की मी दुपारीच माडी प्यायला जाऊन चौघांना सांगितलं. युरोपातली शिकलेली बाई म्हणते, तेओफिलोचं काही चुकत नाही! ती तसं म्हणाली नव्हती. पण माडीच्या बैठकीत कोण वही तपासतो?

मी घरातून निघायच्या आधी रुफिनाने हानाला आणखी एक विचारलं होतं. "तुमच्या देशात आया रडतात का?"

"रडतात."

"मुलीसाठी?"

"हो."

"मग तेही लिही. त्याच पानावर."

हानाने लिहिलं. मला ते खटकलं, कारण ते पान माझं होतं.

ही मुलगी कामाला पक्की. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती वाडीतल्या सहा म्हाताऱ्यांकडे गेली. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, त्यामुळे एकही म्हातारा असली रीत नाही असं म्हणाला नाही. पण हानाने त्यांची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली आणि माझ्यासमोर बसून, मला बरं वाटेल अशा समजुतीने, वाचून दाखवली. एक म्हणाला, असेल बुवा. दुसरा म्हणाला, मांग तेओंच्या घराण्यात असेल. तिसरा इंगो, माझा लहानपणापासूनचा मित्र. तो म्हणाला, "मांग तेओंकडे बऱ्याच गोष्टी आहेत ज्या आणखी कोणाकडेच नाहीत. त्यातली ही एक."

"हे त्यांनी कौतुकाने सांगितलं," हाना म्हणाली.

"कळलं," मी म्हणालो.

"मग ही रीत वाडीची लिहू, घराण्याची लिहू, की तुमची एकट्याची?"

"रीत कुठेतरी सुरू व्हावीच लागते," मी म्हणालो.

आतून रुफिनाचा आवाज आला. दम लागत होता तरी आला. "मग कुठेतरी संपवही."

ऑक्टोबर लागला. निला रोज दुपारी, मी माडात गेलो की, आईसाठी काहीतरी शिजवून आणायची आणि पहिल्या पायरीवर ठेवून जायची. शेजारीण ते वर नेऊन द्यायची. मायलेकी खांबांवर उभ्या घराच्या बांबूच्या जमिनीतल्या फटीतून बोलायच्या, एक वर, एक खाली. मला हेसुद्धा माहीत नव्हतं असं धरून चालायचं होतं. पण एका दुपारी पायाला गळू झालं म्हणून मी माडात गेलो नाही. जिन्याच्या तोंडाशी बसून खेकड्याचा सापळा विणत होतो. समोर पाहतो तर फणसाच्या सावलीत निला. माझ्याकडे बघून ती जागच्या जागी थांबली. दहा वर्षांत तिच्या कानाजवळ एक पांढरा केस आला होता. मी सापळ्याकडे बघू लागलो.

तिच्याबरोबर एक मुलगी होती, नऊएक वर्षांची, हातात झाकण घातलेलं पातेलं. निलाने तिला काहीतरी हळूच सांगितलं. मुलगी पातेलं सांभाळत जिना चढू लागली. आईलाच बंदी होती, तिला नव्हती. तिच्याबद्दल मी काही जाहीर केलंच नव्हतं. मी नकळत मोजू लागलो. सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी. सहाव्या पायरीवर तिने पातेलं ठेवलं आणि परत वळली.

सहावी पायरी म्हणजे मरण. आणि पातेल्यात माझ्या आजारी बायकोचं जेवण. "अगं, तिथे नको! वर ठेव, वर!" मी जवळजवळ ओरडलोच.

एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून ती वर आली. पातेलं माझ्या शेजारी ठेवलं. मग तिने तेच केलं जे आमच्याकडची कुठलीही वळण लावलेली पोर म्हाताऱ्या माणसासमोर करते. वाकली, हात पुढे केला आणि आजोबांना म्हणतात तसं म्हणाली, "आशीर्वाद द्या, लोलो."

दहा वर्षं मी या हाताला खिसा शिकवला होता. पण त्या दिवशी मी आखूड चड्डीवर होतो, खिसाच नव्हता. खरं म्हणजे असता तरी काही उपयोग झाला नसता. हात आपला आपण गेला. तिने तो कपाळाला लावला. कपाळ घामाने ओलं होतं. "देव तुझं भलं करो," मी म्हणालो, कारण त्यापुढे तेच म्हणायचं असतं. मग विचारलं, "नाव काय तुझं?"

"रोवेना."

"कोण आहे तिथे?" आतून रुफिनाने विचारलं. "तेओ, कोण वर आलंय?"

पातेल्यातून आल्याचा आणि शेवग्याच्या पाल्याचा वास येत होता. मी सापळ्याकडे बघतच, बांबूशी बोलावं तसं, खाली विचारलं, "जेवलीस का?"

मग निला म्हणाली, "नाही, ताताय."

"मग खाली काय उभी आहेस? रस्सा निवतोय."

ती चढली. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. तिने माझा हात घेतला तेव्हा सापळ्याची काडी माझ्या बोटात रुतली होती आणि मी डोळे पुसले ते त्या काडीमुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ती आत गेली. मग रुफिनाचा आवाज आला, "रश्श्यात मीठ कमी आहे गं." आणि दोघी हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी हाना आली आणि दारात निलाच्या चपला बघून उभीच राहिली. मी तिला वही काढायला सांगितली. "लिही," मी म्हणालो, "नात जिना चढली तर ते व्याही चढल्यासारखंच धरतात. ही फार जुनी रीत आहे."

"किती जुनी?" हानाने विचारलं.

"कालपासूनची!" आतून रुफिना ओरडली.

हानाने दोन्ही लिहून घेतलं.

तिचं पुस्तक तीन वर्षांनी आलं. माझ्याबद्दलच्या पानाचा आमच्या भाषेत तर्जुमा करून तिने पत्रातून पाठवला होता. दुसऱ्या कोणी तो आधी वाचावा हे मला नको होतं. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी रोवेनाकडून अक्षरं शिकलो. दोन पावसाळे लागले. मास्तरीणबाई फार कडक, चुकलं की पट्टी टेबलावर आपटायची. शेवटी मी एकट्याने ते पान वाचलं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, दोन ओळी होत्या: एका वृद्धाने जिना चढण्याबद्दल दोन नियम सांगितले. वाडीतल्या इतर कोणीही त्यांना दुजोरा दिला नाही.

त्यात माझं नाव नव्हतं. रुफिनाचं मात्र होतं, वर, मोठ्या अक्षरांत. आया सगळीकडे रडतात, असं तिने सांगितल्याचं लिहिलं होतं.

माझी बायको रुफिना ११ नोव्हेंबर १९९२ रोजी, बुधवारी सकाळी, आमच्या घरात वारली. निला तिच्याजवळ होती.