चोविसावी फिल्म

सकाळी नऊला चाचणी होती आणि पावणेनऊला तिने खिळ्यावरच्या फिल्म मोजल्या. तेवीस भरल्या. दोन एकमेकींना चिकटल्या असतील म्हणून तिने त्या टेबलावर पसरल्या आणि एकेक चिमटीत धरून पुन्हा मोजल्या. तेवीसच.

पादचारी पुलासाठी केलेली ती फळी काचतंतू आणि राळ यांची होती. आकार उलट्या पन्हाळीसारखा, वजन पंचावन्न किलो. दोघांनी सहज उचलून नेता यावी असा. तिच्या चार कोपऱ्यांत, मोठ्या थरांच्या पोटात, एकावर एक सहा अशा वीतभर पट्ट्या जोर देण्यासाठी बसवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एक पातळ निळी प्लास्टिकची फिल्म येते. पट्टी बसवली की फिल्म सोलायची, भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची आणि शेवटी सगळ्या मोजून आकडा तक्त्यात लिहायचा. एखादी आत राहिली, तर त्या जागी दोन थर एकमेकांना कधीच धरत नाहीत.

तक्त्यात चोवीस लिहिलेले होते आणि खाली तिची सही होती. गेली तीन वर्षे, प्रत्येक नमुन्याला, आकडा चोवीसच भरत आला होता. या खेपेला तिने तो न मोजताच लिहिला होता, आणि हे तिला स्वच्छ आठवत होते.

"पडली असेल कुठेतरी. झाडलोटीत गेली असेल," तंत्रज्ञ म्हणाला.

"शक्य आहे. आत असणंही शक्य आहे."

"यंत्रानं तर फळी पास केलीय, मॅडम."

ध्वनिलहरींच्या यंत्राला फळीत काही दिसले नव्हते, हे खरे. पण इतकी पातळ फिल्म राळेत घट्ट दबून बसली, तर ती दिसेलच असे नाही. 'दिसले नाही' आणि 'नाही' या दोहोंतले अंतर ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत असे.

तिने संस्थेच्या संचालकांना गाठले. ते पाहुण्यांच्या खुर्च्या लावून घेत होते. "आधी चाचणी होऊ दे," ते म्हणाले. "फळीच सांगेल काय ते."

पाहुण्यांत तिचे वडीलही होते. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस. लेकीच्या संशोधनाला ते 'पुठ्ठा' म्हणत. पूल कसा असावा, तर रागाने लाथ मारली की आपलाच पाय मोडला पाहिजे, अशी त्यांची व्याख्या होती, आणि जेवताना ती निदान आठवड्यातून एकदा ऐकवली जाई.

वाळूची पोती एकेक करून चढली. बारा मिलिमीटरपर्यंत वाकण्याची मुभा होती; फळी साडेसात वाकली आणि भार उतरताच सरळ झाली. टाळ्या पडल्या. बाबा उठले, त्यांनी फळीवर बोटाची पेरे वाजवली, मग चपला काढून वर चढले आणि दोनदा टाचांनी दणका दिला.

"मानलं," ते म्हणाले. "पुठ्ठा दमदार आहे, पोरी."

हा शब्द ऐकायला ती दहा वर्षे थांबली होती. नेमका आजच मिळायचा होता.

"सोमवारी शाळेमागच्या ओढ्यावर बसवून टाकू," संचालक हात चोळत म्हणाले.

"सर, फळी कापायला हवी."

"पास झालेली वस्तू कोणी कापतं का?"

"आज आपण भार एकदाच ठेवला. तिथं मुलं रोज धावणार. आत फट असेल तर ती प्रत्येक पावलाबरोबर केसभर वाढेल, आणि वरून काहीच कळणार नाही."

"अहो, तक्त्यात चोवीस लिहिलंय!"

"ते मी लिहिलंय. मोजलं नव्हतं."

खुर्च्या सरकल्याचे आवाज थांबले. ती बाबांकडे पाहत नव्हती, तरी ते आपल्याकडेच पाहत आहेत हे तिला कळत होते.

"दुसरी करायला किती दिवस?" संचालकांनी विचारले.

"दोन महिने."

"उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यात," ते म्हणाले आणि त्यांनी समोरची खुर्ची मिटून भिंतीला टेकवली. "कापा."

दुपारी करवत लागली. पहिला कोपरा कापला. तिने कड घासून भिंगाखाली धरली. सहा थर, मध्ये काही नाही. दुसरा, तसाच. तिसराही तसाच. चौथाही निर्मळ निघाला. चारही कोपऱ्यांत सहाच्या सहा पट्ट्या अशा एकजीव झाल्या होत्या, की पाठ्यपुस्तकात छापाव्यात.

फिल्म दुसऱ्या दिवशी सापडली. सामानाच्या ढकलगाडीच्या चाकाला ती दोऱ्यासारखी गुंडाळली गेली होती.

"म्हणजे फळी चांगली होती," संचालक म्हणाले. आवाजात राग कमी होता, हळहळ जास्त.

"होती. पण काल ते आपल्याला माहीत नव्हतं."

घरी बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "चांगला पूल मोडलास," एवढेच म्हणाले. हात धुवून आल्यावर ते दारात थांबले. "भिंत ओळंब्यात आहे असं न बघता सांगणारे गवंडी मी पाहिलेत. त्यांची भिंत पडली की आधी पावसाचं नाव घेतात." मग जरा घसा खाकरून, "नवा पुठ्ठा कधी?"

"बुधवारी थर बसवायला घेतेय."

"मी येतो. तुझ्या मोजण्याचा काही भरवसा नाही."

बुधवारी तिने तक्त्यात दोन रकाने आखले : मोजणारा आणि लिहिणारा, दोन वेगळी माणसे. बाबा खिळ्यासमोर स्टूल टाकून बसले आणि तपासनिसाला शोभेल अशा कठोरपणे एकेक फिल्म हातात घेऊ लागले. पहिला कोपरा संपला. तिने पेन उचलले.

"सहा," ती म्हणाली.

"पाच."

"बाबा, सहा पट्ट्या बसवल्या मी."

"पट्ट्या तू मोज. खिळ्यावर पाचच आहेत." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि बोट रोखले. "सहावी तुझ्या बाहीला."

तिने कोपर वळवून पाहिले. कामाच्या कोटाच्या बाहीवर वीतभर निळी फिल्म घट्ट चिकटून बसली होती. तिने हात पुढे केला. बाबांनी ती सावकाश सोलली, खिळ्याला टोचली आणि पुन्हा पहिलीपासून मोजून पाहिली.

"आता लिही," ते म्हणाले.